तेरा अंशांवरचं आकाश

सध्या मार्गशीर्ष चालू आहे. बंगळूरच्या हातगाड्यांवर अवरेकाईचे, म्हणजे आपल्या वालाच्या जातीतल्या शेंगांचे, ढीग लागले आहेत. रस्त्याकडेचे गुलाबी टॅबेबुया फुलले आहेत. संध्याकाळी सातनंतर पूर्वेला मृग उगवतो, आणि साडेआठला बघाल तर त्याच्या पोटात घुसलेला बाण, ते तीन तारे, समोरच्या इमारतीच्या टाकीवर जवळजवळ उभ्या रांगेत असतात. हे सगळं एकाच पंधरवड्यात, दरवर्षी ठरल्या वेळी होतं. पण दिवसभर कामाला जुंपलेल्या माणसाला त्यातली अवरेकाई तेवढी कळते, कारण ती विकत घ्यावी लागते, सोलावी लागते.

सोलणं हे मोठं काम आहे. शेंगा सोलायच्या, दाणे पाण्यात भिजत घालायचे आणि मग चिमटीत धरून एकेका दाण्याचं साल पिचकवून काढायचं. असे साल काढलेले दाणे म्हणजे 'हितकिद बेळे'. त्याच्या सारासाठी इथली माणसं हिवाळ्याची वाट बघतात. आमच्या मजल्यावरच्या बायका शेंगा घेऊन गच्चीवर बसतात, कारण घरात टरफलांचा पसारा होतो आणि हातांना तेलकट वास राहतो. त्या वासाला कन्नडात सोगडु म्हणतात. दव जास्त पडलं की सोगडु जास्त, असं त्या सांगतात. मला आकाश बघायची सवय लागली ती ह्या गच्चीवर. हात कामात असतात, डोळे मोकळे असतात.

"बंगळूरला ऋतूच नाहीत," असं नव्याने आलेला माणूस पहिल्या वर्षी हमखास म्हणतो. मला ते पटत नाही, पण तसं का वाटतं ते समजतं. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच, त्यामुळे उन्हाळा भाजून काढत नाही. आणि अक्षांश जेमतेम तेरा, त्यामुळे दिवस-रात्रीतही मोठे चढउतार नाहीत. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सर्वांत लहान दिवसापेक्षा सव्वादोन तासांनी मोठा असतो. इथे हा फरक दीड तासाचा. सूर्य मावळतो तो सहाला दहा कमी ते सातला दहा कमी ह्या तासाभरात, मग महिना कोणताही असो. विदर्भातलं ऊन किंवा दिल्लीतली थंडी माणसाच्या अंगावर येऊन ऋतू सांगते. इथला ऋतू अंगावर येत नाही. तो बघावा लागतो.

माझी आई सांगलीला असते. जूनच्या सात-आठ तारखेला तिचा फोन ठरलेला. "अगं, मृग लागला. तिकडं आला का पाऊस?" तिच्या मनातलं पावसाचं वर्ष मृगापासून सुरू होतं: मृग, आर्द्रा, मग तरणा पुनर्वसू, म्हातारा पुष्य, आश्लेषा, मघा असं करत करत गडगडाट करत येणाऱ्या हस्तापर्यंत. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, त्यावर हे गणित बसवलेलं आहे. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते त्याच्याच उजेडात बुडालेलं, म्हणून दिसत नाही. पहाटे पूर्वेला मागची नक्षत्रं वर आलेली दिसली की जुनी माणसं हिशोब लावत.

आईला मी दरवर्षी सांगते की आमच्याकडे पाऊस एप्रिलपासूनच पडतोय. जुन्या म्हैसूर भागातला शेतकरी मृगाची वाट बघत बसत नाही. तोही हीच नक्षत्रं मोजतो, पण अश्विनी-भरणीपासून. भरणी लागते एप्रिलच्या शेवटी. भरणीचा पाऊस झाला की धरणी पिकते, अशा अर्थाची म्हण कन्नडात आहे. दिवसभर उकडून संध्याकाळी विजांसकट येणारा हा आंब्याच्या दिवसांतला पाऊस. पुढे जून-जुलैत, कोकणात आणि घाटमाथ्यावर धो धो कोसळत असतं तेव्हा, इथे नुसती भुरभुर आणि वारा, कारण ढग घाटावर रिते होऊन येतात. सर्वांत जास्त पाऊस पडतो सप्टेंबरात, जूनच्या जवळजवळ दुप्पट. ऑक्टोबरही ओलाच. परवा भाजीवाल्या अम्मा सुटे पैसे मोजता मोजता म्हणाल्या, "ई वर्ष हस्त मळे जोरु." यंदा हस्ताचा पाऊस जोरात झाला. आईच्या तोंडी असलेला हस्त आणि अम्मांच्या तोंडचा हस्त एकच, दिवसही तेच. सांगलीला तो पावसाचा शेवट असतो. इथे तो ऐन भरात असतो.

हाच अनुभव अगस्त्य देतो, आणि जास्त ठळकपणे देतो. रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा हाच. उन्हाळ्याच्या अखेरीस तो सूर्याच्या उजेडात हरवतो आणि पावसाळ्यातल्या एका पहाटे क्षितिजावर पुन्हा दिसतो. त्या अगस्त्योदयाला आपल्याकडे मोठा मान आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अगस्त्यचार नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. अगस्त्य उगवला की पावसाने गढूळ झालेलं पाणी निवळतं, ही समजूत तिथून आणि संस्कृत काव्यांतून सगळीकडे पोचली. पण हा तारा खूप दक्षिणेचा. जितकं दक्षिणेला जावं तितका तो क्षितिजापासून वर राहतो आणि तितका लवकर दिसू लागतो. उज्जैनच्या आधी पुण्याला, पुण्याच्या आधी बंगळूरला. इथे ऑगस्टच्या सुरुवातीला, ढगांनी वाट दिली तर, पहाटे तो दिसू शकतो. तेव्हा आमचं पाणी निवळत नाही. आमचा सर्वांत जोराचा पाऊस अजून पुढे असतो.

ग्रंथातलं बंगळूरला लागू पडत नाही, म्हणून ग्रंथ बाजूला ठेवावा, असं मात्र नाही. वराहमिहिराने त्याच अध्यायात सांगून ठेवलं आहे की अगस्त्याचं दर्शन प्रत्येक देशासाठी गणित करून वेगळं काढावं, आणि मग उज्जैनपुरता आकडा दिला आहे: सूर्य कन्या राशीत शिरायला सात अंश उरले असताना. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या माणसाबद्दलचा आदर दुणावला. आपल्या गावाचा दिवस सांगताना त्याने दुसऱ्या गावांचा दिवस दुसरा असेल हे आवर्जून लिहिलं. आपण मात्र पाठांतर तेवढं बरोबर घेऊन फिरतो.

शिवाय अगस्त्य हा दक्षिणेचाच ऋषी. विंध्य ओलांडून आला आणि परत गेला नाही. त्याच्या कमंडलूतून कावेरी सांडली ही कथा कोडगूतल्या तलकावेरीची. दर ऑक्टोबरच्या मध्यात, सूर्य तूळ राशीत शिरतो त्या मुहूर्तावर, तिथल्या कुंडात कावेरी उसळते असं मानतात आणि त्यासाठी माणसं डोंगरावर जमतात. बंगळूरच्या नळाला येतं ते ह्याच कावेरीचं पाणी, शंभरेक किलोमीटरांवरून, अर्धा किलोमीटर उंची चढवून आणलेलं. गच्चीवरच्या पातेल्यात दाणे भिजत पडतात ते त्या पाण्यात, आणि दक्षिणेकडे मान वळवली की कमंडलूचा धनी तिथे असतो. सध्या तो साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दहापर्यंत घरांवर येतो. फेब्रुवारीत रात्री जेवणाच्या वेळीच तो दक्षिणेला चोवीस अंशांवर असतो. पुण्याला तो एकोणीसच अंश चढतो. शहरातल्या इमारतींच्या गर्दीत पाच अंश पुष्कळ झाले.

ह्याची किंमत उत्तरेकडे मोजावी लागते. ध्रुवाची उंची म्हणजे गावाचा अक्षांश. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. बंगळूरला ध्रुव क्षितिजापासून सव्वा मुठीवर, म्हणजे कोणाच्या तरी तिसऱ्या मजल्याआड. नागपूरला तो दोन मुठींहून वर असतो. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू उभा राहतो तो इथे सतरा अंशांवर, नागपूरला नऊवर. घर बदललं की आकाश असं थोडं एका बाजूने झिजतं आणि दुसऱ्या बाजूने वाढतं.

दिवसाचं आकाशही ह्याच अंशांवर चालतं. २४-२५ एप्रिलला दुपारी बारा वाजून सतरा-अठरा मिनिटांनी बंगळूरात उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी गोळा होते. पुन्हा १८ ऑगस्टला तेच. पुण्या-मुंबईला हा शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस येतो. म्हणजे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला राहतो तो पुण्यात अडीच महिने आणि इथे जवळजवळ चार. आमची गॅलरी उत्तरेची. घर बघायला आलो तेव्हा हिवाळा होता आणि एजंटने सांगितलं होतं की इथे ऊन येणार नाही, कपडे वाळायला गच्चीवर जावं लागेल. एप्रिलमध्ये सकाळचं तिरपं ऊन कठड्याच्या कोपऱ्यावर आलं. रोज बोटभर सरकत ते दोरीपर्यंत पोचलं, जूनमध्ये कुंड्यांच्या मागच्या भिंतीला टेकलं, काही दिवस तिथेच रेंगाळलं आणि आल्या वाटेने परत गेलं. तुळशीची कुंडी मी आता त्याच्या मागे मागे सरकवते. आषाढात ती जिथे असते तिथे मार्गशीर्षात तिला ठेवून उपयोग नाही.

गवीपुरच्या गवी गंगाधरेश्वराच्या गुहेतल्या देवळात मकर संक्रांतीच्या संध्याकाळी मावळता सूर्य नंदीच्या शिंगांमधून आत येतो आणि पिंडीवर पडतो. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण सूर्य दक्षिणेकडे जाताना त्याच जागेवरून एकदा जातो आणि उत्तरेकडे परतताना पुन्हा एकदा. त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटाकडेही त्याचा उजेड गाभाऱ्यात तसाच पोचतो. ज्यांना ते निवांतपणे बघायचं आहे त्यांनी तेव्हा जावं.

झाडांबद्दल थोडंच लिहिते, कारण बंगळूरच्या झाडांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. गुस्ताव क्रुंबिगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ आधी बडोद्याला गायकवाडांच्या पदरी होता. १९०८ साली तो लालबागेत आला आणि पुढे १९५६ साली ह्याच शहरात वारला. एक झाड फुलून गेलं की दुसरं फुलावं, वर्षभर कुठला ना कुठला रस्ता फुललेला असावा, अशी लागवडीची कल्पना त्याची. म्हणून आज गुलाबी टॅबेबुया, मग पिवळा, मग जॅकरांडाचा जांभळा रंग, मग गुलमोहर, असं चालतं. तारखेची वही घरी विसरलेल्या माणसालाही बसच्या खिडकीतून महिना कळावा, एवढी सोय त्याने करून ठेवली आहे.

आकाश बघायला वेळ किती लागतो? शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी मराठीत तारे ओळखायला शिकवणारं पुस्तक लिहिलं, ज्योतिर्विलास. त्याला जोडनाव दिलं 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. दीक्षित दापोलीजवळच्या मुरुडचे, पेशाने शाळामास्तर, पंचेचाळिशीही न गाठता गेले, आणि तेवढ्यात १८९६ सालापर्यंत भारतीय ज्योतिषशास्त्राचा सबंध इतिहास लिहून छापून मोकळे झाले. त्यांच्या दिवसाला काही आपल्यापेक्षा जास्त तास नव्हते. तरी आज रात्री अठ्ठेचाळीस मिनिटं मागणं नोकरदार माणसाला जड जाईल हे मला दिसतं. पाच मिनिटंही पुरतात. अट एकच, जागा तीच हवी आणि वेळ तीच. कारण तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, महिन्याला दोन तास. आज साडेआठला टाकीवर दिसलेला मृग संक्रांतीनंतर त्याच वेळी चांगलाच वर चढलेला असेल आणि शिवरात्र उलटून गेली की मावळतीकडे कलू लागेल. जागा आणि वेळ बदलत राहिलं तर हे सरकणं हाती लागत नाही.

शहरात तारे दिसत नाहीत, ही तक्रार अर्धी खरी आहे. कृत्तिकांचा पुंजका दिसायला डोळे ताणावे लागतात, आकाशगंगा तर नाहीच. पण व्याध, अगस्त्य, रोहिणी, पुनर्वसू, पुढे चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, श्रवण हे सगळे दिसतात, आणि महिने ओळखायला एवढे बस्स होतात. चैत्र पौर्णिमेला इथे करगा निघतो. धर्मरायस्वामींच्या देवळातून मध्यरात्री बाहेर पडलेला तो फुलांचा मनोरा पहाटेपर्यंत जुन्या पेठांतून फिरतो. त्या रात्री चंद्राशेजारी बघावं, चित्रा जवळपास असते. चैत्राला चैत्र का म्हणायचं ते तिथे लिहिलेलं आहे. आपल्या मार्गशीर्षाच्या पौर्णिमेलाही चंद्र मृगशीर्षाच्या आसपास सापडेल.

आणि हे शहर आकाशाला परकं कधीच नव्हतं. भारतीय खगोलभौतिकी संस्था कोरमंगलात आहे. लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटरांवर तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे, हिमालयन चंद्रा टेलिस्कोप. ती चालवली जाते बंगळूरच्या वेशीवरच्या होसकोट्याहून, उपग्रहाच्या दुव्याने. देशातल्या सर्वांत काळोख्या आकाशांपैकी एकाकडे बघणारी माणसं आमच्याच महामार्गाच्या दिव्यांत बसलेली असतात. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं, तेव्हाही त्याची सूत्रं बंगळूरहून हलत होती. आम्ही सगळे टीव्हीपुढे होतो. श्रावणातल्या सप्तमीचा अर्धा चंद्र त्या वेळी बंगळूरच्याच आकाशात, दक्षिणेला वर आलेला होता. उतरण्याचा दिवस ठरला होता तोही चंद्रावरच्या त्या जागी सूर्य उगवण्याचा हिशोब धरून. मुलांना टीव्हीनंतर पाच मिनिटं गच्चीवर न्यायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पुढच्या मोहिमेला न्यावं.

हानलेच्या परिसराला २०२२ साली काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून घोषित केलं. तिथल्या गावांत रस्त्याच्या दिव्यांना झाकणं आहेत, रात्री खिडक्यांना पडदे ओढले जातात. बंगळूरचं हानले होणार नाही. पण जो उजेड जमिनीवर पडायला हवा तो वर जातो, धुळीवर आणि बाष्पावर विखुरतो आणि सगळ्या आकाशाला करडा लेप देतो. त्यात पांढऱ्या-निळसर दिव्यांचा उजेड जास्त विखुरतो, पिवळट दिव्यांचा कमी. हे तरी आपल्या हातातलं आहे. आमच्या गच्चीवर चार दिवे आहेत, चारही उघडे, चारही पांढरे. रविवारी सोसायटीची सभा आहे, तिच्यात मी विषय दिला आहे: दिव्यांना वरून टोपी घालावी, पिवळे बल्ब लावावेत आणि दहानंतर दोन बंद करावेत. सुरक्षेचा प्रश्न निघेल, आणि तो रास्त आहे. त्यावर माझं म्हणणं असं की उजेड डोळ्यांत न जाता पायाशी पडला तर जिन्याजवळ कोण उभं आहे ते जास्त नीट दिसतं. सेक्रेटरी अंकलनी विषय यादीत घेतला आणि "नोडोण, बघू," एवढंच म्हणाले. पण सभा संपल्यावर अर्धा तास चारही दिवे बंद ठेवून बघायला त्यांनी आत्ताच होकार दिला आहे.